समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर, तरी आज डोलोमाइट (कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं कार्बोनेट) फारसा बनत नाही. मग जुन्या चुनखडीत त्याचे एवढे जाड थर कसे?

बहुतेक प्राचीन डोलोमाइट मुळात डोलोमाइट म्हणून साचलेलाच नाही. आधी चुनखडी साचली. नंतर तिच्या छिद्रांतून मॅग्नेशियमयुक्त पाणी फिरलं आणि निम्म्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमने घेतली.

खरी अडचण पाणी फिरवण्याची. एक घनमीटर घट्ट चुनखडीत सुमारे २७,००० मोल (अणू-रेणू मोजण्याचं एकक) कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं कॅल्शियम कार्बोनेट, असतं, त्यासाठी निम्मं, १३,५०० मोल मॅग्नेशियम हवं. घनमीटरभर समुद्राच्या पाण्यात ते जेमतेम ५३ मोल. त्यातला कण न् कण वापरला गेला तरी २५० घनमीटर पाणी लागेल. प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त. एवढं पाणी खडकातून ढकलायला पंप हवा.

एक पंप खारटपणाचा. उथळ खाजणात बाष्पीभवनाने जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) साचतं, कॅल्शियम त्यात अडकतं, उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचं प्रमाण चढतं आणि हे जड पाणी खाली झिरपतं. पश्चिम टेक्सासच्या पर्मियन (सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांसाठी हेच स्पष्टीकरण दिलं जातं. दुसरा पंप उष्णतेचा, गरम पाणी भेगांतून वर चढण्याचा: उत्तर इटलीतल्या लाटेमार डोंगराच्या ट्रायासिक (पर्मियननंतरच्या काळातल्या) चुनखडीत डोलोमाइट भेगा आणि डाइकांच्या (भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हारसाच्या भिंतींच्या) आसपास, थरांना छेदत वाढलेला दिसतो. गोडं आणि खारं पाणी मिसळून डोलोमाइट होतो, हे एकेकाळचं लाडकं मत मात्र मला पटत नाही. आजच्या अशा मिश्रणपट्ट्यांत तो नगण्यच सापडतो.

वेगाचं दुखणं वेगळं. मॅग्नेशियम भोवतीचं पाणी सहज सोडत नाही, आणि स्फटिकात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे थर आलटूनपालटून नीट बसावे लागतात. भूवैज्ञानिक लिन लँड यांनी २५ अंश सेल्सिअसवर हजारपट अतिसंपृक्त (विरघळू शकतं त्याहून जास्त घटक असलेलं) द्रावण ३२ वर्षं ठेवलं, डोलोमाइट आला नाही. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदोच्या संशोधकांनी दाखवलं, की चुकीचे बसलेले अणू अधूनमधून विरघळू दिले तर वाढ झपाट्याने होते. भरती-ओहोटीने किंवा पावसाने खारटपणा बदलणाऱ्या जागी हे घडू शकतं.

खडक डोलोमाइटचा आहे का हे ओळखायला त्याच्या ताज्या फुटीवर १० टक्के थंड हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. कॅल्साइट लगेच फसफसतं. डोलोमाइट खरवडून भुकटी केल्यावर, तेही मंद. आम्ल तीव्र असेल किंवा बारीक कॅल्साइटच्या शिरा असतील तर फसगत ठरलेली. मग डोलोमाइट आणि चुनखडी यांची सीमा बघा: जिप्समखाली थरांना समांतर असेल तर पहिला पंप, भ्रंशालगत (खडक तुटून सरकलेल्या भेगेलगत) थर कापत असेल तर दुसरा. फक्त समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवर, ज्यांच्या प्रमाणावरून पाण्याचा माग काढतात) विसंबू नका. खोल गाडला गेल्यावर डोलोमाइट पुन्हा स्फटिकतो आणि पहिल्या पाण्याची खूण पुसून नंतरच्या गरम पाण्याची उमटते.