पॉपिन्ससारखा जाड भौमितिक फॉन्ट मराठी बोर्डासाठी चालेल का?

चालेल, पण सगळ्यात जाड वेट (म्हणजे अक्षराच्या जाडीचा प्रकार) डोळे झाकून निवडू नका. तुम्हाला बेकरीच्या बोर्डावर आणि खोक्यांवर मराठी-इंग्रजी नाव एकाच फॉन्टमध्ये हवंय, त्यासाठी पॉपिन्स खरंच चांगला आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ चा फॉन्ट, देवनागरी निनाद काळेंची आणि रोमन जॉनी पिनहॉर्नचं, थिन (सगळ्यात बारीक) पासून ब्लॅक (सगळ्यात जाड) पर्यंत ९ वेट आहेत आणि लायसन्स ओपन आहे त्यामुळे धंद्यासाठी वापरला तरी पैसे पडत नाहीत.

ह्या भौमितिक जातीतला सगळ्यात गाजलेला फॉन्ट म्हणजे जर्मनीतल्या पाउल रेनरचा फ्युचरा, १९२७ चा. वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेघ, बस. पण ही अक्षरं नुसती कंपासने काढलेली नसतात हां, जाड वेटमधला इंग्रजी ओ झूम करून बघा, उभ्या बाजू जाड आणि वरची-खालची कड जराशी बारीक असते कारण मोजून सारखी जाडी ठेवली तर आडवी रेघच डोळ्याला जास्त जाड वाटते. जिथे दोन रेघा मिळतात तिथे पण थोडं कोरलेलं असतं, नाहीतर तिथे काळा गोळा दिसतो. मला ह्या फॉन्टमधलं सगळ्यात आवडतं ते हेच, दिसायला एकदम साधं आणि आत इतकं काम.

देवनागरीत हे अजून अवघड होतं कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं, आणि जाडी वाढली की पोटातली पांढरी जागाच उरत नाही. मी मावशीच्या 'पोळी-भाजी केंद्र'च्या बोर्डाला हौसेने ब्लॅक लावला होता, स्क्रीनवर मस्त दिसत होता, पण बोर्ड लागल्यावर रस्त्यापलीकडून 'केंद्र'मधला 'द्र' वाचताच येईना. खूप वाईट वाटलं. मग बोल्ड घेतला, अक्षर मोठं केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, तेव्हा कुठे जमलं.

तुमच्या नावात 'श्री', 'क्ष', 'ष्ट' असलं काही असेल तर आधी तेच टाइप करून बघा. ल पाकळीचा येतोय का, 'दुसऱ्या'मधला र नीट बसतोय का हेही बघा. मग प्रिंट काढून भिंतीला चिकटवा आणि वीसेक पावलं मागे जाऊन वाचा.

खोक्यावरची घटकपदार्थांची यादी मात्र ह्यात करू नका, बारीक मजकुराला 'एक टाइप' ह्या फाउंड्रीचा मुक्ता फॉन्ट घ्या. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत) बदलून द्या, त्यांच्या मशीनवर फॉन्ट नसला की वेलांट्या कुठच्या कुठे जातात.