न्यू जर्सीत जुनी मियाटा घेऊन तिची कामे घरीच करता येतील का?

न्यू जर्सीत राहून नव्वदच्या दशकातली माझदा मियाटा, म्हणजे उघडणाऱ्या कापडी छताची छोटी दोन आसनी गाडी, घ्यावी का, आणि गाडीचे काम पूर्वी कधीच केलेले नसताना तिची देखभाल घरच्या गराजमध्ये जमेल का, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे १९९६ ची मियाटा अकरा वर्षांपासून आहे. ती घेतली तेव्हा मला टायरमध्ये हवा भरण्यापलीकडे काही येत नव्हते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला ‘जमेल’ असेच उत्तर देतो. पहिल्याचे उत्तर मात्र इंजिनावर नव्हे, गंजावर अवलंबून आहे.

इंजिन मोठे सोशिक आहे. अमेरिकेत १९९३ पर्यंत ते १.६ लिटरचे होते, १९९४ पासून १.८ चे झाले, आणि दोन्हींचे सुटे भाग अजून मिळतात. पत्र्याचे तसे नाही. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्याला खालून खाते. शिवाय कापडी छतावरचे पाणी आसनांमागच्या दोन कोपऱ्यांतील नळ्यांतून खाली उतरते, आणि त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की तेच पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे रॉकर पॅनेलमध्ये, साचून पत्रा आतून कुजवते, तेही बाहेरचा रंग चकचकीत असताना. म्हणून गाडी पाहायला जाताना पाण्याची बाटली न्यावी, छत उघडून नळीच्या तोंडाशी हळूहळू पाणी ओतावे आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली धार पडते का ते पाहावे. त्याच जागी पट्टीच्या टोकाला अंगठा दाबून पाहावा आणि कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लावावे. ते चिकटले नाही तर कुजलेल्या पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे असे समजून निघून यावे. तिथले वेल्डिंग गराजमध्ये शिकण्याचे काम नाही, आणि ते बाहेरून करून घेण्याचा खर्च पाहता दुसरी गाडी शोधणे परवडते.

पत्रा धड असेल तर बाकीची दुखणी मला किरकोळ वाटतात. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब द्रवातून घेऊन क्लच हलवणारा छोटा सिलिंडर, गळतोच. गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या त्याचे रबरी टोपण उचलल्यावर आत ओले दिसले तर तो बदलावा. काम दोन बोल्टांचे आहे, पण नंतर त्या द्रवात अडकलेली हवा काढताना पेडल दाबायला दुसरे माणूस लागते (आमच्या घरी हे काम सौभाग्यवतींकडे असते आणि त्याची आठवण मला वर्षभर दिली जाते). ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) अशा अडचणीच्या जागी आहे की पहिल्या खेपेला तेल कोपरापर्यंत ओघळते. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. ती वजन पेलणाऱ्या स्टँडवर टेकवल्याशिवाय आपण तिच्याखाली जाऊ नये, अगदी एका मिनिटासाठीसुद्धा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा, ६०,००० मैलांना बदलायचा असतो. विकणाऱ्याकडे पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून किमतीत घासाघीस करावी. पहिल्या पिढीच्या या इंजिनात बेल्ट तुटला तरी सहसा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणून नवशिक्याने हे काम अंगावर घ्यायला हरकत नाही. मी पहिल्यांदा बसवला तेव्हा इंजिन सुरू झाले, पण थंडी भरल्यासारखे थरथरू लागले. पुन्हा सगळे उघडून कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चाकांवरील ‘आय’ आणि ‘ई’ या खुणांमधले बेल्टचे दात मोजले, तर ते १९ ऐवजी १८ भरले.