आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, चालताना तोल जातो. बडोद्यात राहतो. ताई ची किंवा छिगोंग हे सावकाश हालचालींचे चिनी व्यायाम सुरू करावेत का?

हो, जरूर करा. खरा फायदा तोल सावरण्यात आहे. ताई चीमध्ये गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अगदी सावकाश न्यायचा असतो. त्याने मांड्या, घोटे बळकट होतात, पाऊल कुठे पडतंय याचं भान वाढतं. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेते; तिच्या २०१९ च्या आढाव्यात ताई ची करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसलं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस बऱ्याचदा अंथरुणाला खिळतो, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. गुडघ्यांचं म्हणाल, तर २०१६ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत १२ आठवड्यांच्या ताई चीने फिजिओथेरपीइतकाच आराम पडला.

छिगोंग आणखी सोपं. त्यातला 'बादुआनजिन' हा आठ हालचालींचा प्रकार खुर्चीत बसूनही जमतो. आईंना आधी तोच शिकवा.

सकाळी कमाटी बागेत सपाट, कोरडी जागा बघा. पावसाळ्यात मात्र घरीच, भिंत किंवा खुर्ची हाताशी ठेवून. गुडघा दुखेल इतकं खाली वाकायचं नाही. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.