वर्गाचा कापडी बैल पोलंडच्या प्राथमिक शाळेत पाठवायचा आहे. तेथे त्याचे काय होते, सोबत काय द्यावे आणि किती दिवस ठेवावा?

आपण कोल्हापूरच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवता, आपल्या वर्गातील मुलांनी ढवळ्या नावाचा एक कापडी बैल शिवला आहे आणि तो शुभंकर म्हणून पोलंडमधील एका वर्गाकडे पाहुणा जाणार आहे, असे आपण लिहिले आहे. मी पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात राहते आणि माझी मुलगी येथील सरकारी प्राथमिक शाळेत शिकते. मागील वर्षी तिच्या वर्गात पोर्तुगालच्या एका शाळेचा कापडी कोंबडा राहून गेला. आपल्या प्रश्नांची उत्तरे त्या अनुभवाच्या आधारे देत आहे. माझे मत आरंभीच सांगते. ढवळ्याला दोन-तीन आठवड्यांसाठी पाठवू नये, नोव्हेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ठेवावे आणि सोबत माहितीपत्रकांऐवजी एक जाड, कोरी वही द्यावी. असे का, ते पुढील मजकुरावरून ध्यानात येईल.

प्रथम शाळेविषयी. २०१७ च्या शैक्षणिक फेररचनेनंतर पोलंडमधील प्राथमिक शाळा आठ इयत्तांची झाली असून मूल साधारणतः सातव्या वर्षी पहिलीत जाते. पहिल्या तीन इयत्तांत जवळजवळ सर्व विषय एकच शिक्षिका शिकवतात आणि बहुधा त्याच बाई तीनही वर्षे वर्गासोबत वर सरकतात. त्यामुळे पाहुण्या खेळण्याला सामावून घेण्यासाठी कोणाच्या तासिकेतून वेळ मागावा लागत नाही. गणितात त्याची उंची मोजली जाते, भाषेत त्याला पत्र लिहिले जाते आणि चित्रकलेत त्याचे घर काढले जाते. खालच्या इयत्तांच्या वर्गखोल्यांत बाकांखेरीज एका बाजूस गालिचा अंथरलेला असतो. मुले त्यावर गोल करून बसतात आणि बाई त्यांच्यासमोर पार्सल उघडतात. नकाशावर गाव शोधणे, पाहुण्याला कोठे बसवायचे यावर वाद घालणे आणि प्रत्येकाने एकदा हातात घेऊन पाहणे, यातच पहिला दिवस जातो. येथे शाळेत आल्यावर बाहेरचे जोडे काढून आतले घालावे लागतात. कोंबड्याला जोडेच नव्हते, म्हणून मुलांनी तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी फेल्टच्या सपाता शिवल्या आणि कपड्यांच्या खोलीत त्याच्या नावाची खुंटी केली. ढवळ्याला चार पाय असल्याने हे काम दुप्पट होईल, एवढेच.

सकाळच्या एक-दोन तासिकांनंतर मुले वर्गातच घरून आणलेला डबा खातात. पहिली ते पाचवीच्या मुलांना युरोपीय संघाच्या शालेय योजनेतून फळे, भाज्या आणि दूधही मिळते. गाजर, मुळा किंवा नवलकोलचे तुकडे असलेली छोटी पाकिटे आली की बैलासमोर काय ठेवले जाईल, याची कल्पना आपण करू शकता. ज्यांचे आईवडील उशिरापर्यंत कामावर असतात ती मुले शाळा सुटल्यावर शाळेतीलच देखरेखीच्या खोलीत थांबतात. तेथे वरच्या वर्गांतील मुलेही असतात, म्हणून शिंगे आणि शेपटी दुहेरी दोऱ्याने पक्की शिवून पाठवावीत. बटणाचे डोळे असल्यास ते काढून भरतकामाचे करावेत.

आता मुख्य भाग. येथील रूढ पद्धतीप्रमाणे पाहुणा शुभंकर शुक्रवारी कोणा एका मुलाच्या घरी जातो आणि सोमवारी परत येतो. त्याच्यासोबत वही जाते आणि तीत मूल चित्र काढते, दोन-चार ओळी लिहिते, उरलेले आई किंवा वडील लिहितात. एप्रिल २०२४ पासून पोलंडमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना लेखी गृहपाठ देण्यास मनाई आहे. हाताच्या बोटांना वळण लावणारे सराव तेवढे अपवाद आहेत. त्यामुळे वहीत लिहिणे पूर्णपणे ऐच्छिक असते, आणि माझ्या मते तिची खरी गोडी यातच आहे. गुण मिळवण्यासाठी लिहिलेला मजकूर कसा असतो हे आपणा शिक्षकांना मी सांगायला नको. एका मुलाने लिहिले होते की रविवारी सर्वजण आजीकडे जेवायला गेले, पण तेथे नेहमीप्रमाणे कोंबडीचे शेवया घातलेले सूप असल्याने पाहुण्याला दुसऱ्या खोलीत दार लावून ठेवले, त्याला वाईट वाटू नये म्हणून. पोलंडमधील रविवारचे जेवण, आजीचे घर आणि त्या मुलाचा स्वभाव, हे सारे त्या एका नोंदीत आले होते.

दर आठवड्याला एकच घर, या हिशेबाने तीन आठवड्यांच्या मुक्कामात तीनच मुलांची पाळी येते. पहिल्या तीन इयत्तांत वर्गाची मर्यादा सर्वसाधारणपणे पंचवीस मुलांची आहे. चिठ्ठ्या टाकून नावे काढली तरी बाकीच्यांचा हिरमोड होतोच. मुक्काम लांबवण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण पंचांगाचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

१ नोव्हेंबरला पोलंडमध्ये सर्व संतांचा दिवस पाळला जातो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, कुटुंबे दूरदूरच्या गावी आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, त्या स्वच्छ करतात, शेवंतीच्या कुंड्या ठेवतात आणि काचेच्या आवरणातील मेणाचे दिवे लावतात. संध्याकाळी संपूर्ण दफनभूमी त्या दिव्यांनी उजळलेली असते आणि लहान मुले त्यांतून सहजपणे वावरतात. पाहुणा त्या वेळी कोणाच्या घरी असेल, तर तोही पणजोबांच्या कबरीवर जाईल आणि तसे छायाचित्र वहीत चिकटवलेले असेल. कोल्हापुरातील एखाद्या पालकाला ते पाहून धक्का बसू शकतो, म्हणून या दिवसाविषयी आपल्या वर्गात आधीच बोलून ठेवावे, असे मी सुचवीन. त्यानंतर २५ नोव्हेंबरला टेडी अस्वलाचा दिवस येतो. त्या दिवशी मुले आपापली लाडकी अस्वले शाळेत आणतात, आणि पन्नास अस्वलांमध्ये एक बैल ही घटना तेथील बाई वाया जाऊ देणार नाहीत. ६ डिसेंबरला संत निकोलस मुलांना लहान भेटी देतात. ढवळ्याच्या नावानेही एक पुडी निघेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

परंतु बैलाने पोलंडमध्ये असावेच असा दिवस म्हणजे २४ डिसेंबर. नाताळच्या आदल्या दिवसाची ही संध्याकाळ, जिला येथे विगिलिया म्हणतात, पोलिश कुटुंबांसाठी संपूर्ण वर्षातील सर्वांत महत्त्वाची असते. २०२५ पासून तो दिवस सार्वजनिक सुट्टीचाही झाला आहे. आकाशात पहिला तारा दिसल्यावर जेवण सुरू होते. मेजावर पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरलेले असते, येशूचा जन्म गोठ्यात झाला याची ती खूण. जेवणाआधी ओप्वातेक नावाची कागदासारखी पातळ, बिनखमिराची पापडी प्रत्येकाच्या हातात असते आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पापडीतून तुकडा मोडून घेत शुभेच्छा देतो. परंपरेने बारा पदार्थ असतात आणि त्यांत मांस नसते: बिटाचे सार, कोबी आणि अळंबीचे सारण भरलेल्या पिएरोगी, कार्प मासा, खसखशीचे गोड पदार्थ. मेजावर एक ताट जास्तीचे मांडतात, ते अवचित दाराशी येणाऱ्या पाहुण्यासाठी. कोंबडा नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी असता तर त्याची जागा कोणती, हा प्रश्न माझ्या मुलीने तत्काळ सोडवला होता; दुर्दैवाने तो डिसेंबरच्या आरंभीच पुढील देशाला गेला.

जुनी लोकसमजूत अशी की त्या रात्री बारा वाजता गोठ्यातील जनावरांना वाचा फुटते आणि ती माणसांच्या भाषेत बोलतात. गावांकडे गाईबैलांनाही ओप्वातेक देण्याची रीत होती आणि त्यांच्यासाठीची पापडी रंगीत असे. आता विचार करावा की आपण ज्या गावाहून पाठवत आहात तेथे बेंदराला बैलांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून पुरणपोळी भरवतात आणि घरोघरी मातीच्या बैलांची पूजा होते. वर्षातील एक दिवस जनावराला घरातील माणसाचा मान देण्याची कल्पना दोन्हीकडे आहे, आणि हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. आपल्या मुलांनी बेंदराचे एक पान चित्रांसह लिहून द्यावे आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा: २४ तारखेच्या रात्री आमचा ढवळ्या काय बोलला? मला वाटते, एवढ्या एका प्रश्नावर अर्धी वही भरून येईल.

शहर दाखवण्याचा कार्यक्रमही होईलच, त्याविषयी थोडक्यात सांगते. तो वर्ग कोणत्या शहरातील आहे हे आपण लिहिलेले नाही. व्रोत्स्वाफमध्ये असेल, तर ढवळ्याची छायाचित्रे कांस्याच्या बुटक्यांसोबत निघतील. गुडघ्याएवढ्याही उंचीच्या नसलेल्या या मूर्ती शहरभर शेकड्यांनी विखुरलेल्या आहेत आणि मुले त्या शोधत हिंडतात. त्यांचे मूळ गंमतीचे असले तरी पोरकट नाही. १९८० च्या दशकात साम्यवादी राजवटीविरुद्धच्या घोषणा पोलीस रंग फासून पुसत असत आणि ‘नारिंगी पर्याय’ नावाच्या चळवळीतील तरुण त्या रंगाच्या डागांवर बुटक्यांची चित्रे काढून जात. २००१ मध्ये त्या चळवळीची आठवण म्हणून पहिला पुतळा बसवला गेला. नदीच्या पलीकडील कॅथेड्रलच्या जुन्या भागात आजही गॅसचे दिवे असून काळा झगा घातलेला माणूस संध्याकाळी ते लावत जातो; शाळकरी मुलांचा जथा त्याच्यामागे नेहमीच असतो. वर्ग क्राकूफचा असेल, तर बुटक्यांच्या जागी वावेल टेकडीखालचा ड्रॅगनचा पुतळा येईल. हे सर्व छान दिसते, पण इंटरनेटवरही मिळते. त्यासाठी बैलाला इतका प्रवास घडवण्याची गरज नाही.

छायाचित्रांविषयी एक सूचना. युरोपीय संघाचे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम २०१८ पासून लागू आहेत आणि २०२४ पासून पोलंडमधील प्रत्येक शाळेला बालसंरक्षणाची लेखी नियमावली ठेवावी लागते. मुलाचे छायाचित्र वापरण्यास पालकांची संमती लागते आणि काही पालक ती देत नाहीत. म्हणून आपणाकडे येणाऱ्या चित्रांत बैल ठळक आणि मुले पाठमोरी असतील. यात तुटकपणा मानू नये. आपल्या बाजूनेही मुलांची छायाचित्रे पाठवण्यापूर्वी पालकांना विचारावे आणि पूर्ण नाव-पत्ता कोठेही लिहू नये.

सोबत काय द्यावे? ढवळ्याच्या ‘सवयींचे’ एक पत्र सोप्या इंग्रजीत द्यावे, कारण येथे मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात आणि बाई ते वाचून दाखवतील. यजमान वर्गातील मुलांची पहिली नावे मागवून ती देवनागरीत लिहिलेल्या पट्ट्या पाठवल्यास त्या वर्षभर बाकांवर चिकटलेल्या राहतील. बैलाची झूल, गोंडे, घुंगरांची माळ असे काही दिले तर उत्तमच. पेढे, बर्फी मात्र मोहाने पाठवू नयेत: युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे आणि पार्सल त्यामुळे अडकू शकते. जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या स्वस्त वस्तूंनाही कर लागतो. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला विनामोबदला पाठवलेली ४५ युरोंपर्यंतची भेट तेवढी करमुक्त असते. शाळेच्या शिक्क्याने शाळेला पाठवलेल्या पार्सलला ही सवलत मिळेल असे गृहीत धरू नये. नाव कोणाचे घालावे हे तेथील बाईंना विचारूनच ठरवावे. पार्सलवरील सीमाशुल्काच्या जाहीरपत्रात ‘हाताने शिवलेले कापडी खेळणे आणि वही’ असे स्पष्ट लिहावे व खरी किंमत नोंदवावी.

कोल्हापूरचे म्हणून एक पान अवश्य जोडावे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात आपल्या शहराजवळ वळिवडे येथील छावणीत राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मधील भेटीत तेथे पुष्पचक्र वाहिले. तिसरीच्या मुलांसाठी हद्दपारीचा इतिहास जड आहे, म्हणून ते पान बाईंच्या नावे वेगळ्या पाकिटात द्यावे; चौथीपासून इतिहास हा स्वतंत्र विषय असतो आणि त्या वर्गांना ते दाखवायचे की नाही हे त्या ठरवतील. छावणीतील मुलांच्या वयाचीच मुले आज ढवळ्याला हातात घेणार आहेत, एवढे आपल्या मुलांना सांगितले तरी पुरे.

परतीची तारीख ठरवताना दोन सुट्ट्या ध्यानात घ्याव्यात. नाताळची सुट्टी साधारणतः २३ ते ३१ डिसेंबर असते आणि हिवाळ्याची दोन आठवड्यांची सुट्टी जानेवारीच्या मध्यापासून पुढे प्रांतांनुसार वेगवेगळ्या पाळ्यांत येते. यजमान वर्गाच्या प्रांताची पाळी कधी आहे हे पहिल्याच पत्रात विचारावे आणि तिच्या आधीच्या आठवड्यात ढवळ्याने निघावे, असे ठरवून घ्यावे. पार्सल जायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, ऑक्टोबरच्या आरंभीच ते टपालात पडले पाहिजे.