बंपरचा वाकलेला ब्रॅकेट घरीच सरळ करता येईल का?

पार्किंगच्या खांबाला घासून पुढच्या बंपरचा लोखंडी ब्रॅकेट आत गेलाय, गॅरेजवाला नवाच टाका म्हणतोय आणि तुमच्याकडे व्हाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा) आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग करा की घरीच! फक्त भाग कसला आहे ते आधी बघा. साध्या पत्र्याचा किंवा पट्टीचा असेल तर काम होतं. ओतीव असेल तर तो वाकायच्या ऐवजी तुटतो. बंपरमागची आडवी बीम, आणि कंट्रोल आर्म, टाय रॉड हे चाकांना जोडलेले दांडे यांच्या मात्र वाटेला जाऊ नका, ते बदलायचेच.

गाडीवरच ठोकाठोकी नको, मागे एसीचा कंडेन्सर असतो. ब्रॅकेट काढा. दुसऱ्या बाजूचा शाबूत ब्रॅकेटही काढून पुठ्ठ्यावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि कापा. पुठ्ठा उलटा केला की झाला साचा. (दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, ते आधी तपासा. काही गाड्यांत नसतात.)

व्हाइसच्या जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावा, नाहीतर दातांचे वळ उमटतात आणि चीर तिथूनच धरते. मोड बरोबर जबड्याच्या कडेला आणा, टोकाला लांब पाइप घाला आणि दमाने ओढा. हातोड्याने घाई केली की बोल्टची भोकं लांबट होतात. सोडल्यावर पत्रा थोडा मागे येतोच, म्हणून साच्याच्या किंचित पुढे न्या. पण मागे-पुढे खेळवत बसू नका. तार हलवून हलवून तोडतो, तसंच होतं ते.

गॅसच्या टॉर्चने तापवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जस्ताचा मुलामा असेल तर विषारी धूर निघतो, आणि जास्त ताकदीचं पोलाद तापलं की नरम पडतं. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्योत? सेक्रेटरी आधी येईल.

सरळ झाल्यावर मोडावर पातळ तेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल खडूवर काळसर रेघ होऊन उमटतं. रेघ नसेल तर उडालेला रंग खरवडून लगेच प्रायमर मारा, आपल्या मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड फार दिवस टिकत नाही.

रेघ दिसली तर वेल्डिंग करत बसण्यापेक्षा कुर्ल्याला सीएसटी रोडवर, गाड्यांच्या जुन्या पार्टच्या दुकानांत, जुना ब्रॅकेट शोधा. जाताना तुमचा सोबत न्या, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालांत भोकं जुळतीलच असं नाही.