बाखचा ‘आक्टस ट्रॅजिकस’: मोठा कोरस की चार गायक?

प्रश्न असा की जर्मन संगीतकार बाखचा ‘आक्टस ट्रॅजिकस’ (बाखच्या कृतींच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०६; ही कंटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची चर्चमधली रचना) पहिल्यांदा ऐकायचा तर मोठ्या कोरसचं रेकॉर्डिंग घ्यावं की जुन्या वाद्यांच्या लहान संचाचं?

लहान संचाचंच. संगीतदिग्दर्शक आणि बाखचे अभ्यासक जोशुआ रिफ्किन यांच्या ‘बाख एन्सेम्बल’चं घ्या, त्यात प्रत्येक आवाजाला (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) एकच गायक आहे. ‘चार गळ्यांनी चर्च भरत नाही’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि मला ते साफ अमान्य आहे. वाद्यं बघा ना: दोन रेकॉर्डर (उभ्या धरायच्या लाकडी बासऱ्या), दोन व्हिओला द गांबा (पायांत धरून गजाने वाजवायची तंतुवाद्यं), साथीला ऑर्गन. व्हायोलिन एकही नाही. रेकॉर्डर जोरात फुंकला की सूर चढतो, त्यामुळे वादकाला आवाज वाढवायला वावच नसतो. समोर तीस गायक उभे केले की तो बुडतो. मग त्याचा माईक जवळ आणतात आणि गाणारे एका खोलीत, वाजवणारे दुसऱ्या खोलीत असल्यासारखं ऐकू येतं.

याचा फटका बसतो ‘एस इस्ट देर आल्टे बुंड’ या मधल्या भागाला. खालचे तीन आवाज फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून एकामागून एक उचलत, ‘माणसा, तुला मरायचंच आहे’ गातात, वर सोप्रानो ‘ये, प्रभू येशू’ म्हणते, आणि रेकॉर्डर शब्दांविना एक जुना कोराल (चर्चमध्ये सगळे मिळून गायचं स्तोत्र) वाजवतात. लूथरन श्रोत्यांना त्याचे शब्द पाठ असायचे. तो दबला तर तिसरा अर्थच गेला. शेवटी बाकीचे सगळे थांबतात, सोप्रानो एकटी उरते, आणि मग बाखने लिहिलेली शांतता. तिथे एकीचाच श्वास संपायला हवा, आठ जणींचा नव्हे.

पट्टीही तपासा. सर्वांत जुन्या हस्तलिखितात (१७६८ची नक्कल, बाखच्या हातचं काहीच उरलेलं नाही) रेकॉर्डर एफ मेजरमध्ये आहेत, बाकीचे ई फ्लॅटमध्ये, कारण चर्चचा ऑर्गन सुमारे एका स्वराने चढा असायचा. ए=४१५ला (जुन्या वाद्यांची नेहमीची पट्टी, आजच्या ४४०पेक्षा अर्ध्या स्वराने खाली) सगळे एफमध्ये वाजवत असतील तर तुमच्या पेटीवर सा पांढरी तीनला येईल. पांढरी दोनला आला तर ई फ्लॅट धरलाय. तिथे आल्टो रेकॉर्डरला सर्वांत खालचा सा मिळतच नाही, आणि बासचे खालचे स्वर पुटपुटल्यासारखे होतात.

एक मात्र मान्य करतो: २३ ऑगस्ट १७३०च्या टिपणात बाख स्वतःच लाइपझिगच्या प्रत्येक कोरसला किमान १२, शक्यतो १६ गायक मागतो. त्या आकड्याचा अर्थ काय यावर रिफ्किन यांनी १९८१ साली काढलेला वाद अजून चालू आहे. पण ही कंटाटा लाइपझिगच्या बरीच आधीची, बाख म्युलहाउझेन गावात ऑर्गनवादक होता त्या काळातली, १७०७च्या आसपासची.