खंदकातला बाप्तिस्मा

एका अनुवादित युद्धकादंबरीतलं वाक्य विचारलं आहे: ‘त्या रात्री खंदकात त्याचा बाप्तिस्मा झाला.’ नायक जन्माने ख्रिस्ती, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा विधी, बाप्तिस्मा, त्याचा आधीच झालेला असणार. मग हा दुसरा बाप्तिस्मा कसला?

हा पहिल्या लढाईचा. शिपायाने पहिल्यांदा गोळीबार अंगावर घेतला की फ्रेंच आणि इंग्रजीत त्याला ‘अग्नीचा बाप्तिस्मा’ म्हणतात. अनुवादात ‘अग्नी’ गळला आणि वाक्य कोड्यात पडलं. शब्दांची ही जोडी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातली: मी पाण्याने बाप्तिस्मा करतो, माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने आणि अग्नीने करील, असं लोकांना बाप्तिस्मा देणारा योहान सांगतो.

‘बाप्तिस्मा’ ज्यावरून आला त्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ साधा आहे, बुचकळणं, बुडवणं. जहाज बुडालं तरी ग्रीक लोक तेच क्रियापद वापरत. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये तर आदल्या रात्री दारूत बुडालेल्यांनाही ते लावलं आहे. पुढे लूकच्या शुभवर्तमानात येशू आपल्या येऊ घातलेल्या मरणालाच बाप्तिस्मा म्हणतो, आणि येशूचा प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालू लागणं. साहित्यातला अर्थ इथून आला. पात्र नदीत पडतं, पावसात चिंब भिजतं, तेव्हा लेखकाला बहुधा एवढंच सुचवायचं असतं की जुना माणूस पाण्यातच राहिला.

म्हणून ‘अग्निदिव्य’ हा प्रतिशब्द मला अजिबात पटत नाही, सर्रास वापरला जात असला तरी. दिव्य ही खरेपणाची परीक्षा. सीता अग्नीत गेली तशीच बाहेर आली, तिथे सिद्ध व्हायचं होतं ते तेवढंच. बाप्तिस्म्यातून माणूस गेला तसा परत येत नाही. ‘न्हाऊन निघणं’ छान आहे, पण त्यात नवी सुरुवात नाही. ‘दीक्षा’ बरीच जवळची, फक्त तिच्यात बुडणं नाही.

मराठीत या शब्दाला आणखी एक छटा चिकटली आहे, ताटातुटीची. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं दुभंगला. आपल्याकडे ‘त्याने बाप्तिस्मा घेतला’ या वाक्यामागे दार बंद झाल्याचा आवाज असायचा. वसईच्या कॅथलिक घरांत मात्र बाळाचा ‘स्नानसंस्कार’ हा आनंदाचा दिवस.

तुमच्या वाक्यातला नायक हिंदू असता तर मी ‘अग्निदीक्षा’ लिहिलं असतं. तो ख्रिस्ती आहे, म्हणून शब्द तसाच ठेवून गळलेला अग्नी परत आणीन: ‘त्या रात्री खंदकात त्याचा दुसरा बाप्तिस्मा झाला, आगीचा.’